विश्लेषण : ईमेलमधील अक्षरे का बिघडतात? मूळ शोधताना भेटतो एक फ्रेंच तारबाबू

मेल उघडावा आणि मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, मध्येच जपानी येनचे चिन्ह, पुन्हा तोच ‘ए’ अशी रांग दिसावी, हा अनुभव अनेकांना येतो. हा व्हायरस नाही आणि फोनही बिघडलेला नसतो. पाठवणाऱ्याच्या आणि आपल्या यंत्राने तेच आकडे दोन वेगळ्या तक्त्यांवरून वाचलेले असतात. अक्षराला ठरावीक लांबीचा आकडी संकेत देणारा तक्ता तारयंत्रांत रुजवला तो एमिल बोदो यांनी. मॉडेमच्या जमान्यातला ‘बॉड रेट’ आठवत असेल, तर तो ‘बॉड’ म्हणजे हेच बोदो.

शेतातून तार खात्यात

बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा, ईशान्य फ्रान्समधील मान्यो या खेड्यातला. गावच्या प्राथमिक शाळेपलीकडे शिक्षण नाही. वडिलांची शेती होती, तिथेच ते राबले. १८६९ मध्ये ते तार खात्यात शिकाऊ म्हणून लागले. लगेच प्रशियाशी युद्ध झाले, त्यात ते लष्करी सेवेत गेले आणि १८७२ मध्ये पॅरिसला कामावर परतले.

तेव्हा फ्रान्समध्ये ह्यूज यांचे छापील तारयंत्र चालत असे. तारबाबू एकेक अक्षर दाबत असताना शेकडो किलोमीटरची महागडी तार बहुतांश वेळ नुसतीच पडून राही. बोदो यांना हे खटकले. खात्याने प्रोत्साहन दिले, पण काम करायचे ते नोकरीची वेळ सांभाळून.

त्यांनी तारेचा वेळच वाटून टाकला. दोन्ही टोकांना एकाच लयीत फिरणारा ब्रश बसवला. तो क्षणभर पहिल्या तारबाबूला जोडायचा, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. एका तारेवर चार-चार जणांचे काम एकाच वेळी होऊ लागले. पण यासाठी प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ लागायला हवा. मोर्समध्ये ‘ई’ला एक टिंब, तर ‘जे’ला एक टिंब आणि तीन रेघा. म्हणून बोदो यांनी प्रत्येक अक्षराला पाच समान संकेत दिले. प्रत्येक संकेत दोनपैकी एका प्रकारचा, म्हणजे आजच्या भाषेत पाच बिट. १७ जून १८७४ रोजी त्यांनी यंत्राचे पेटंट घेतले. पाच संकेतांची कल्पना आपली असल्याचा दावा करणाऱ्या सहकाऱ्याशी पुढे कोर्टबाजीही झाली.

यंत्र चालवणे सोपे नव्हते. पियानोसारख्या पाच पट्ट्या, डाव्या हाताला दोन आणि उजव्याला तीन. आपली पाळी आली की यंत्र ‘टक्’ करायचे, त्या ठेक्यातच पट्ट्या दाबायच्या. तारबाबूने तक्ता पाठ करायचा आणि ताल सांभाळायचा. आजचा कीबोर्ड किती लाड करतो, हे यावरून कळावे!

१८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर यंत्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. १८८२ मध्ये शेतकऱ्याचा हा मुलगा खात्यात निरीक्षक-अभियंता झाला. प्रकृती मात्र सतत ढासळत होती. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो येथे वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

घोळ तेव्हाचा आणि आताचा

पाच बिटांत फक्त ३२ जागा. अक्षरे, अंक, विरामचिन्हे मावणार कशी? बोदो यांनी तोच संकेत दोनदा वापरला. ‘आता अक्षरे’ किंवा ‘आता अंक’ अशी आधी खूण पाठवायची. एकच संकेत एकदा ‘ए’ होई, एकदा १. ही खूण वाटेत हरवली की पुढचा मजकूर आकड्यांचा खिचडा! मेलमध्येही आज हेच होते. मजकूर कोणत्या तक्त्याने वाचायचा, ही खूण मेलच्या शीर्षभागात असते. ती चुकली की अक्षरे बिघडतात.

गंमत म्हणजे बोदो यांच्या तक्त्यात फ्रेंचमधल्या मात्रा असलेल्या ‘ई’ला स्वतंत्र जागा होती. त्यांच्या ‘एमिल’ नावाची सुरुवात याच अक्षराने होते. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या सात बिटांच्या ‘आस्की’ तक्त्यात १२८ जागा होत्या, तरी हे अक्षर गळाले. आज ‘यूटीएफ-८’मधला मेल जुन्या विंडोज तक्त्याने वाचला, तर बोदो यांच्या नावातले हे पहिलेच अक्षर फुटून दोन चिन्हे होतात.

देवनागरीत एकेका अक्षराचे किंवा मात्रेचे तीन बाइट होतात आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो. म्हणून तिरक्या रेघेचा ‘ए’ सारखा डोकावतो. येनचे चिन्ह येते ते बहुधा दीर्घ वेलांटी, उकार, एकाराची मात्रा किंवा पाय मोडलेल्या अक्षरापाशी.

असा मेल आला तर घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. संगणकावरील मेल प्रोग्रॅममध्ये ‘टेक्स्ट एन्कोडिंग’चा पर्याय असेल, तर तिथे ‘यूनिकोड’ निवडून पाहा. चौकोनी डबे दिसत असतील, तर फक्त फॉन्ट कमी आहे. निरर्थक पण साधी इंग्रजी अक्षरे दिसली, तर मजकूर बहुधा यूनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो कन्व्हर्टरमधून काढावा लागेल. मात्र ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे असतील, तर मूळ आकडे वाटेतच पुसले गेले आहेत. तिथे आपल्या फोनवर काहीच करता येत नाही. पाठवणाऱ्याला यूनिकोडमध्ये किंवा पीडीएफ करून मेल पुन्हा पाठवायला सांगा.