डग्लस हाइड : आयरिश भाषेसाठी झटलेले राष्ट्राध्यक्ष

आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांनी २५ जून १९३८ रोजी डब्लिन येथे आयरिश भाषेत पदाची शपथ घेतली. ही त्यांची मातृभाषा नव्हती. इंग्रजी बोलणाऱ्या प्रोटेस्टंट धर्मगुरूच्या घरात ते वाढले होते. तरीही त्यांनी आपले बहुतेक आयुष्य आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी वेचले. त्याच काळात बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर एस्टोनियन भाषाही आपल्या हक्काचे स्थान मिळवू पाहत होती. या दोन भाषांची तुलना केल्यास हाइड यांच्या कार्याचे मोल आणि त्याच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात.

हाइड यांचा जन्म १७ जानेवारी १८६० रोजी रॉसकॉमन परगण्यातील कॅसलरी येथे झाला. पुढे वडिलांच्या नेमणुकीमुळे कुटुंब फ्रेंचपार्क या गावी स्थायिक झाले. तेथील वनरक्षक, शेतकरी आणि वृद्ध स्त्रिया यांच्याकडून बालवयातच ते आयरिश बोलू लागले. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधील सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले होते आणि तितक्याच लोकांनी देश सोडला होता. या आपत्तीची सर्वाधिक झळ आयरिश बोलणाऱ्या गरीब जनतेला बसली. १८३१ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी होते. परदेशी जाऊन पोट भरायचे तर इंग्रजी हवी, या जाणिवेने आईवडीलही मुलांशी आयरिश बोलेनासे झाले. हाइड यांना भाषा शिकवणारी पिढी त्यांच्या डोळ्यांदेखत अस्तंगत होत होती.

डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांनी धर्मशास्त्र आणि कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु त्यांचे मन लोककथांत रमले. गावोगावच्या कथेकऱ्यांकडून ऐकलेल्या कथा त्यांनी १८८९ आणि १८९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. कोनॅक्ट प्रांतातील प्रेमगीतांचा त्यांचा संग्रह १८९३ मध्ये प्रकाशित झाला.

याच सुमारास, १८८८ मध्ये, एस्टोनियन धर्मगुरू आणि विद्वान याकोब हुर्त यांनी आपल्या समाजाला लोकसाहित्य गोळा करण्याचे आवाहन केले. शेतकरी, शाळाशिक्षक आणि कारागीर यांनी स्वतःच्या हाताने लिहून पाठवलेल्या साहित्याची एक लाखाहून अधिक पाने त्यांच्याकडे जमा झाली. एस्टोनियावर त्या वेळी रशियाच्या झारची सत्ता होती, तर जमीनदारी जर्मन उमरावांच्या हाती होती. मात्र चर्चच्या प्रयत्नांमुळे खेड्यातील सामान्य माणूस एस्टोनियन वाचू शकत होता. संपूर्ण बायबल त्या भाषेत १७३९ मध्येच छापले गेले होते. आयरिश बोलणाऱ्या बहुसंख्य लोकांना मात्र स्वतःची भाषा लिहिता येत नव्हती. त्यामुळे हाइड यांना एकेका कथेकऱ्यासमोर बसून कथा टिपून घ्याव्या लागल्या.

२५ नोव्हेंबर १८९२ रोजी डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानात हाइड यांनी आयरिश समाजाने इंग्रजी चालीरीतींचे अंधानुकरण सोडावे, असे प्रतिपादन केले. पुढील वर्षी ३१ जुलै रोजी गेलिक लीग या संस्थेची स्थापना झाली आणि हाइड तिचे अध्यक्ष झाले. संस्थेने प्रौढांसाठी भाषावर्ग चालवले, पुस्तके आणि नियतकालिके काढली. १९०१ मध्ये हाइड यांचे आयरिश नाटक डब्लिनमध्ये रंगमंचावर आले. त्यात मुख्य भूमिका त्यांनी स्वतः केली. १९०९ मध्ये ते डब्लिनच्या विद्यापीठीय महाविद्यालयात आधुनिक आयरिशचे प्राध्यापक झाले. नव्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशासाठी आयरिश विषय अनिवार्य करण्यातही लीगला यश आले.

भाषेचे कार्य पक्षीय राजकारणापासून अलिप्त राहावे, अशी हाइड यांची धारणा होती. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, स्वातंत्र्यवादी आणि ब्रिटनशी एकनिष्ठ असे सर्व जण एकाच वर्गात बसावेत, हे त्यांचे ध्येय होते. १९१५ मध्ये लीगने राजकीय स्वातंत्र्याचे उद्दिष्ट स्वीकारल्यावर त्यांनी अध्यक्षपद सोडले. पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. त्याचे अनेक नेते लीगच्याच मुशीत घडले होते.

१९२२ मध्ये आयर्लंडला स्वतंत्र शासन मिळाले आणि आयरिशला राष्ट्रभाषेचा दर्जा देण्यात आला. भारताच्या घटनाकारांनी ज्या आयरिश राज्यघटनेवरून मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली, त्या १९३७ च्या घटनेने राष्ट्राध्यक्षपद निर्माण केले. त्या पदासाठी हाइड यांची निवड सर्वसंमतीने झाली. मात्र त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याला उपस्थित राहिल्याबद्दल, विदेशी खेळांवर बहिष्कार घालणाऱ्या गेलिक क्रीडा संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून दूर केले. १९४० मध्ये पक्षाघाताचा झटका येऊनही त्यांनी १९४५ पर्यंतचा कार्यकाळ पूर्ण केला. १२ जुलै १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमधील प्रार्थनेच्या वेळी कॅथलिक मंत्री धार्मिक निर्बंधामुळे बाहेरच थांबले.

१९१८ मध्ये स्वातंत्र्य घोषित करणाऱ्या एस्टोनियाने डिसेंबर १९१९ मध्ये तार्तू विद्यापीठ एस्टोनियन माध्यमातून सुरू केले. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने तो देश गिळंकृत केला. स्वातंत्र्य परत मिळण्यास १९९१ उजाडले. या काळात राज्य गेले, तरी घरातली आणि शाळेतली भाषा टिकून राहिली. आज सुमारे अकरा लाख लोकांची ती दैनंदिन भाषा आहे. आयर्लंडमध्ये याउलट घडले. राज्य मिळाले, परंतु बहुतांश घरांतून भाषा आधीच गेली होती. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आयरिश येत असल्याचे नोंदवले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे ७१,९६८ होते.

कुळाचा विचार करता आयरिश ही मराठीची दूरची आप्त आहे, कारण दोन्ही इंडो-युरोपीय कुळातील भाषा आहेत. फिनिशशी नाते सांगणारी एस्टोनियन मात्र सर्वस्वी वेगळ्या कुळातली. भाषेचे भवितव्य तिच्या कुळावर किंवा केवळ बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही, हे या तुलनेतून दिसते. आयरिशला २००७ मध्ये युरोपीय संघाच्या अधिकृत भाषेचे स्थान मिळाले आणि २०२२ पासून तिचा तेथे पूर्ण क्षमतेने वापर सुरू झाला. फ्रेंचपार्कच्या वृद्धांकडून एका मुलाने उचललेली भाषा येथवर पोहोचली, याचे मोठे श्रेय हाइड यांना जाते. मात्र ती पुन्हा घराघरांत नांदावी, ही त्यांची आकांक्षा अद्याप पूर्ण झालेली नाही.