आधी श्रवण, मग गायन



सुरतेच्या डिंडोली भागात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतील पुष्कळ घरे खानदेशातून पोटापाण्यासाठी येऊन तेथे स्थिरावली. त्या घरांतील लहान मुलांच्या कानांवर दिवसभरात किती प्रकारचे शब्द आणि सूर पडतात, याचा आपण कधी विचार केला आहे काय? घरात मराठी किंवा अहिराणी, रस्त्यावर गुजराती, बाजारात हिंदी, नवरात्रात गरबा. अशा मुलाला आपण एखादे वचन ऐकवू लागलो, तर ते मुळात कन्नड! मग मनात शंका येते, की मुलाला अर्थच कळत नाही, तर ऐकवून उपयोग काय? आणि दुसरी शंका अशी, की मुलाने वचन धडाधड पाठ म्हणून दाखवले, तर काम झाले असे समजावे काय? या दोन्ही शंकांचे उत्तर आपल्याच समाजात जन्मलेल्या एका थोर गायकाच्या चरित्रात मिळते.

आपण ज्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतो, त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळील सुळेभावी या गावी लिंगायत कुटुंबात झाला. घरची भाषा कन्नड. वडील सिद्धरामय्या हे गाण्याचे मोठे शौकीन. त्यामुळे गाणे या मुलाच्या कानांवर अगदी नकळत्या वयात पडले. त्याला कोणी समोर बसवून सा रे ग म शिकवले नव्हते. तो केवळ ऐकत होता.

तो काळ ग्रामोफोनचा होता. नामवंत गवयांच्या तबकड्या निघत आणि गावोगावी ऐकल्या जात. पाच-सहा वर्षांचा शिवपुत्र एक दिवस गाऊ लागला, तेव्हा घरची माणसे थक्क झाली. सवाई गंधर्वांची मैफल ऐकून आल्यावर त्याने ते गाणे घरी जसेच्या तसे गाऊन दाखविले, ही हकिगत त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. तबकडीवर ऐकलेल्या गवयाची चीज, तिच्यातील ताना, आवाजाची फेक, सारे तो हुबेहूब उतरवी. वाचकहो, कन्नड घरातील त्या एवढ्याशा मुलाला ब्रज-हिंदी बोलांचा अर्थ कितीसा कळला असेल? तरी सूर आत गेला आणि तेथेच राहिला. अर्थ मागाहून येतो, आधी कान तयार होतो, हे यावरून ध्यानात यावे.

मुलाची ही अलौकिक शक्ती पाहून एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. तेव्हा त्याचे वय अवघे सात वर्षांच्या आसपास होते. पुढे हेच नाव जगाने स्वीकारले. गावोगावी त्याच्या गाण्याचे कार्यक्रम होऊ लागले. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला, तेव्हा मोठमोठे उस्ताद आणि पंडित चकित झाले.

सामान्य माणसाला वाटेल, की आता मिळवायचे काय राहिले? परंतु खरी गोष्ट येथूनच सुरू होते. प्रोफेसर बी. आर. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. मुंबईत ते संगीत विद्यालय चालवीत. वडिलांनी मुलाला त्यांच्या हाती सोपविले. जो मुलगा थोर गवयांचे गाणे हुबेहूब गात होता, त्याला रागांची आणि स्वरांची शास्त्रशुद्ध ओळख नव्हती. ऐकलेले सारे त्याच्यापाशी होते, पण ते दुसऱ्यांचे होते. टाळ्या मिळविणाऱ्या मुलाला पुन्हा प्रारंभापासून शिकावे लागले. देवधरांनी त्याला एकाच घराण्याच्या चौकटीत बांधले नाही. अनेकांचे गाणे ऐकू दिले, पारखू दिले. अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारांनी विद्या घेतली. हळूहळू नक्कल गळून पडली आणि स्वतःचा विचार उगवला.

मग आयुष्यात मोठा घाला आला. १९४७ साली भानुमतींशी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास त्यांना क्षयाने ग्रासले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत हे दांपत्य माळव्यातील देवास येथे गेले. गाणे तर दूरच, बोलण्यावरही बंधने आली. फुफ्फुस निकामी झाले. ज्याचे सारे जीवन कंठावर उभे, त्याचा कंठच मुका झाला! पाच-सहा वर्षे अशी गेली. भानुमतींनी अहोरात्र सेवा केली.

परंतु सद्भक्तहो, कंठ मिटला तरी कान उघडेच होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना पुन्हा लहानपणासारखे केवळ ऐकावे लागले. माळव्यातील स्त्रियांची सणावाराची गीते आणि दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत राहिली. लहानपणी ऐकले ते लगेच कंठातून बाहेर येई. आता ते बाहेर येण्याला वाटच नव्हती. म्हणून ते आत मुरले. चार-पाच सुरांच्या साध्या लोकधुनेत रागाचे बीज असते, हे त्यांना उमगले.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाने गुण आला आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एका फुफ्फुसाच्या बळावर उभे राहिलेले हे गाणे कोणाचीही नक्कल नव्हते. लोकधुनांतून त्यांनी संजारी, लगनगंधार यांसारखे राग निर्माण केले. त्यांच्या रचनांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. कबीरांची निर्गुणी भजने त्यांनी घरोघरी पोहोचविली. १९९० साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? केवळ नादाने वा पठणाने नव्हे, तर भक्तीने शिव प्रसन्न होतो, हा महात्मा बसवेश्वरांचा विचार आपणांस परिचित आहे. शरणांनी अनुभावाला जे महत्त्व दिले, त्याचेही मर्म हेच. ऐकलेले जोवर जीवनात मुरत नाही, तोवर ते उसने असते. पण हेही तितकेच खरे, की जे कानी पडलेच नाही, ते मुरणार कोठून?

म्हणून डिंडोलीत असा, सोलापुरात असा की लातुरात, सकाळी इष्टलिंगपूजेच्या वेळी मुलाला जवळ बसवा आणि एखादे वचन ऐकू द्या. अर्थ विचारू नका, पाहुण्यांसमोर म्हणून दाखविण्याची सक्ती करू नका. तो मोठा होईल, आपणहून प्रश्न विचारील, त्या दिवशी मात्र त्याच्याशेजारी बसून मराठीत अर्थ उलगडून सांगा. त्यासाठी आपण स्वतः तो अर्थ समजून घेतलेला असला पाहिजे. ती तयारी मुलाने नव्हे, आपण आजपासून करावयाची आहे.