नात्यांचा शोध घेणाऱ्या विदुषी : डॉ. इरावती कर्वे

ज्यांचा जन्म महाराष्ट्राबाहेर झाला आणि ज्यांनी पुढे सारे आयुष्य मराठी समाजाला त्याची स्वतःची ओळख करून देण्यात वेचले, अशा विदुषीचे स्मरण मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करणे आम्हांस उचित वाटते.

डॉ. इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या एका कंपनीत अभियंते होते. कन्येला त्यांनी तेथील नदीचेच नाव दिले. सातव्या वर्षी ही मुलगी शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजपे यांच्या कुटुंबात वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ साली एम. ए. झाल्या. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. सुनेने परदेशी जावे हे महर्षींना रुचले नव्हते. परंतु दिनकरराव पत्नीच्या पाठीशी उभे राहिले आणि इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांची खरी कसोटी लागली. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी आहे, असे त्यांचे अनुमान होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा कोणताही संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात नोंदविला. परक्या देशात, ज्यांच्या हाती पदवी त्याच गुरूंच्या मताविरुद्ध असे लिहिणे सोपे नव्हते. काही वर्षांतच जर्मनीत वंशाच्या नावाने जो संहार झाला, तो पाहता त्या निष्कर्षाचे मोल आज अधिकच जाणवते.

मायदेशी परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिवपद सांभाळले. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच रमल्या. डॉ. सांकलियांसमवेत गुजरातेत लांघणज येथे उत्खनन केले, गावोगाव हिंडून निरनिराळ्या जातींच्या लोकांची शरीरमापने घेतली. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातींच्या शाखा एका मुळातून फुटलेल्या असतातच असे नाही, हे त्यांनी कुंभारांच्या व ब्राह्मणांच्या उदाहरणांनी दाखविले.

त्यांचा कीर्तिस्तंभ म्हणजे १९५३ साली प्रसिद्ध झालेला भारतीय नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ. बदल्यांच्या नोकरीत आम्ही उत्तरेत राहिलो आणि दक्षिणेतही. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, हे ऐकून उत्तरेतील शेजारी कानांवर हात ठेवीत; दक्षिणेत मात्र खुद्द मामा-भाचीचे लग्न पाहिले. या कोड्याचा उलगडा आम्हांस त्या ग्रंथात झाला. उत्तरेत मुलगी शक्यतो नात्याबाहेर, परगावी द्यायची. दक्षिणेत जुने नाते लग्नाने पुन्हा घट्ट करायचे. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर. आपल्या सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत, ती केवळ आदराची रीत नव्हे. आत्याच्या घरी सून म्हणून जाण्याची जुनी चाल त्या शब्दांत टिकून राहिली आहे. शब्द हाच त्यांना पुरावा होता.

ही विद्वत्ता कोरडी नव्हती. पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या. एकाच विठ्ठलाचे नाव घेणारे वारकरी जातीजातींनी वेगळ्या पंक्तींत जेवतात, हे त्यांच्या मनाला लागले. आणि महाराष्ट्र म्हणजे काय हेही त्यांना त्याच वाटेवर उमगले. महाभारतातील व्यक्तींना माणूस म्हणून पाहणाऱ्या ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी हे त्यांचे अखेरच्या काळातील काम. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणाऱ्या या मनस्विनीचे ११ ऑगस्ट १९७० रोजी निधन झाले.

शरीरमापनाच्या त्या पद्धती आता मागे पडल्या. जातींविषयीच्या त्यांच्या काही मतांवर वादही झाले. परंतु नाती कशी सांगितली जातात यावरून समाज ओळखावा, ही त्यांची शिकवण आम्हा दूरस्थांना आजही उपयोगी आहे. आमच्या घरांतील मुलांच्या तोंडी काका, मामा, मावसा आणि आतोबा या चौघांना मिळून एकच ‘अंकल’ उरला आहे. एक शब्द जातो तेव्हा त्यामागची एक संपूर्ण रीत विस्मरणात जाते. मंडळाच्या गणेशोत्सवात मुले जमतील तेव्हा हे चार शब्द आणि त्यांतील भेद वडीलधाऱ्यांनी त्यांना आवर्जून समजावून द्यावेत, एवढीच आमची नम्र विनंती.