प्रातोचा पत्रलेखक व्यापारी

इटली देशात फ्लॉरेन्स नगराजवळ प्रातो नावाचे एक शहर आहे. लोकरी कापडाबद्दल ते फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथील एका खानावळवाल्याच्या घरी इ. स. १३३५ च्या सुमारास फ्रान्चेस्को दातीनीचा जन्म झाला. १३४८ साली युरोपात प्लेगची भयंकर साथ आली. तीत त्याचे आईबाप व दोन भावंडे मृत्युमुखी पडली. तो आणि त्याचा एक भाऊ एवढेच मागे राहिले. पिएरा नावाच्या एका स्त्रीने त्या दोघांना आईच्या मायेने सांभाळले.

पंधरा वर्षांचा झाला तेव्हा फ्रान्चेस्कोने, आज फ्रान्समध्ये असलेले, आव्हीन्याँ शहर गाठले. त्या काळी ख्रिस्ती धर्मगुरू पोप तेथे राहत असत. त्यामुळे सरदार आणि सैनिक यांची त्या नगरात सदा वर्दळ असे. शस्त्रे व चिलखते विकून फ्रान्चेस्कोने मोठी संपत्ती मिळविली. १३८३ साली तो प्रातोला परतला. पुढे पीसा, फ्लॉरेन्स, जेनोआ, बार्सिलोना, वॅलेन्शिया आणि मायोर्का बेट येथे त्याच्या पेढ्या निघाल्या.

एवढ्या पेढ्यांवर एकट्याने नजर कशी ठेवावी? वाटा दूरच्या, समुद्रावर चाच्यांचे भय. सर्व ठिकाणी स्वतः जाणे फ्रान्चेस्कोला शक्य नव्हते. म्हणून तो पत्रे पाठवी. रात्री जागून तो आपल्या हाताने लिहीत बसे. कोणती लोकर घ्यावी, कोणते जहाज टाळावे, कोणाला उधार द्यावे, हे सारे त्या पत्रांत असे. स्वभावाने तो संशयी आणि थोडा चिडखोरही होता. गुमास्त्यांना पत्रांतून चांगलाच फैलावर घेई. पत्राच्या आरंभी मागील पत्रे कोणत्या तारखांची मिळाली हे लिहिण्याचा रिवाज होता. त्यावरून एखादे गहाळ झाले असल्यास लगेच कळे. महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या निरनिराळ्या वाटांनी रवाना करीत.

एका शहरात भरलेला पैसा दुसऱ्या शहरात मिळावा म्हणून ते व्यापारी आपल्याकडील सराफांप्रमाणेच हुंड्या लिहीत. ती हुंडी म्हणजे कागदाची एक लहानशी चिठ्ठी. तिच्यावर ना सरकारी छाप, ना साक्षीदाराची सही. पैसे द्यायचे ते केवळ ओळखीचे अक्षर पाहून! म्हणून पेढीवर हुंडी लिहिण्याचा अधिकार एखाद्याला दिला, की त्याच्या अक्षराचा नमुना आधी परगावच्या पेढ्यांकडे पाठविण्यात येई.

फ्रान्चेस्कोची पत्नी मार्गेरीता त्याच्याहून बरीच लहान होती. तो फ्लॉरेन्सला असला म्हणजे प्रातोचे घर, नोकरचाकर व येणारेजाणारे यांची व्यवस्था ती पाही. प्रारंभी ती त्याला दुसऱ्याकडून पत्रे लिहवून घेई. मनातील गोष्ट लेखनिकाला सांगावी लागणे कोणाला रुचेल? तिशी उलटल्यावर ती जिद्दीने लिहावयास शिकली आणि स्वतःच्या हाताने पतीला पत्रे लिहू लागली. पतीचे चुकले तर तसे स्पष्ट सांगण्यास ती कचरत नसे.

१४०० साली प्लेग पुन्हा आला. फ्रान्चेस्को कुटुंबासह बोलोन्या शहरी गेला म्हणून वाचला. परंतु ज्यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला होता, असे त्याचे अनेक भागीदार दगावले. त्या आघातातून तो मनाने पुरता सावरला नाही.

१४१० च्या ऑगस्टमध्ये त्याचे निधन झाले. मृत्युपत्रान्वये सत्तर हजारांहून अधिक सुवर्णनाणी आणि राहता वाडा प्रातोच्या गोरगरिबांसाठी देण्यात आला. आपली पत्रे व वह्या जपून ठेवाव्यात, असेही त्याने सांगितले होते. पुढे लोकांना त्यांचा विसर पडला. १८७० साली वाड्यातील जिन्याखालच्या एका कोनाड्यात ती सापडली. काही कागद उंदरांनी कुरतडले होते, काहींना कसर लागली होती. तरीही सुमारे दीड लक्ष पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या शाबूत होत्या. कितीतरी पत्रांच्या पाठीवर, ते कोणत्या दिवशी हाती पडले, त्याची नोंद आजही वाचता येते.