डॉ. जोसेफ गोल्डबर्गर : पेलाग्राचे मूळ मजुराच्या ताटात शोधणारा डॉक्टर

वैद्यकीय शिक्षणात पेलाग्रा हा आजार साधारण अर्ध्या पानात संपतो. नायसिन म्हणजे व्हिटॅमिन बी-३ ची कमतरता आणि इंग्रजी 'डी'ने सुरू होणारे चार शब्द : डर्मटायटिस, डायरिया, डिमेन्शिया, डेथ. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. आम्हीही तो पाठ केला आणि गुण मिळवले. पण हे अर्धे पान लिहिले जाण्याआधी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने सुमारे तीस लाख लोक आजारी पडले आणि एक लाखाच्या आसपास दगावले, असा अंदाज आहे. हा आजार कशामुळे होतो, हे ज्या डॉक्टरने शोधले त्याला उत्तर प्रयोगशाळेत कमी आणि कापूस गिरणीच्या चाळींमध्ये जास्त सापडले.

जोसेफ गोल्डबर्गर यांचा जन्म १८७४ चा. गाव तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतले गिराल्ट, आज ते स्लोवाकियात आहे. कुटुंब ज्यू, मेंढपाळाचे. १८८३ मध्ये हे लोक न्यूयॉर्कला आले आणि लोअर ईस्ट साइड या गरीब स्थलांतरितांच्या दाटीच्या वस्तीत त्यांनी किराणा दुकान टाकले. मुलगा आधी इंजिनीअरिंगला गेला, मग मन बदलून वैद्यकाकडे वळला आणि १८९५ मध्ये बेलव्ह्यू हॉस्पिटल मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. पेनसिल्व्हेनियात दोन वर्षे खासगी दवाखाना चालवला, पण त्यात जीव रमला नाही. १८९९ मध्ये ते सरकारी आरोग्यसेवेत गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

पुढची पंधरा वर्षे साथींच्या मागे धावण्यात गेली. पीतज्वर, डेंग्यू, टायफस या तिन्हींचा त्यांनी अभ्यास केला आणि तिन्ही त्यांना झालेही. त्यामुळे संसर्गजन्य आजार कसा पसरतो, हे त्यांना पुस्तकाबाहेरही पुरते ठाऊक होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पेलाग्रा दिसतो कसा?

सुरुवात त्वचेपासून होते. जिथे ऊन लागते तिथे, म्हणजे हातांची मागची बाजू, पावले, मान आणि चेहरा येथे भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात. दोन्ही बाजूंना सारखेच. हळूहळू ते काळपट, जाड आणि खरखरीत होतात. गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा दिसतो, त्याला 'कॅसालचा हार' म्हणतात. कॅसाल हे अठराव्या शतकातले स्पॅनिश डॉक्टर. मग जीभ लालभडक होते, तोंड येते, जुलाब लागतात. त्यानंतर मनावर परिणाम होतो : चिडचिड, झोप न येणे, कशातच रस न वाटणे, रडू येणे, पुढे भ्रम आणि विस्मरण. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मनोरुग्णालयांमध्ये असे रुग्ण मोठ्या संख्येने होते. घरच्यांना वाटायचे, माणसाला वेड लागले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूला पुरेसे अन्नघटक मिळत नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक डॉक्टरांचे मत होते की हा संसर्ग आहे. कोणी घाणीला दोष देई, कोणी माशीला, कोणी आनुवंशिकतेला. जंतूंचे शोध नवे होते आणि जो तो नवा जंतू शोधण्याच्या मागे होता. १९१४ मध्ये सरकारने हे काम गोल्डबर्गर यांच्याकडे दिले.

अनाथाश्रमातली मधली मुले

ते दक्षिणेतले अनाथाश्रम, मनोरुग्णालये आणि तुरुंग हिंडले. एक गोष्ट त्यांच्या लगेच नजरेत भरली. रुग्ण आजारी पडत होते, पण त्यांच्याच खोल्यांत वावरणाऱ्या परिचारिका आणि कर्मचारी नव्हते. तीनदा स्वतः संसर्ग भोगलेल्या माणसाला हे पटण्यासारखे नव्हते. जंतू पगार बघून माणूस निवडत नाही.

मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातील अनाथाश्रमांत आणखी बारीक धागा सापडला. आजार मुख्यतः सहा ते बारा वर्षांच्या मुलांत होता. त्याहून लहानांना दूध मिळे. मोठी मुले कामाला जात, म्हणून त्यांना थोडे मांस वाढले जाई. मधल्या वयाची मुले ना दुधाची धनी, ना कामाची. त्यांच्या वाट्याला मक्याच्या पिठाची लापशी, पाव आणि काकवी. गोल्डबर्गर यांनी सरकारी पैशातून या मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि शेंगा वाढवल्या. पुढच्या वर्षी आजार जवळपास नाहीसा झाला. संशोधनाचा निधी संपल्यावर एका ठिकाणी जुने जेवण पुन्हा सुरू झाले, आणि काही महिन्यांत पेलाग्राही परतला.

तरीही विरोधकांना पटेना. मग त्यांनी दोन प्रयोग केले. पहिला १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंगाच्या शेतावर. शिक्षा माफ होईल या बोलीवर कैद्यांनी सुमारे सहा महिने मका, भात, पाव, काकवी आणि थोडी भाजी असे निकृष्ट जेवण खाल्ले. शेवटपर्यंत टिकलेल्या अकरांपैकी सहांना पेलाग्रा झाला. आज कुठलीही एथिक्स कमिटी असा प्रयोग मंजूर करणार नाही, आणि करूही नये. सुटकेचे आमिष दाखवून घेतलेली संमती ही मोकळ्या मनाची संमती नसते. हा प्रयोग यशस्वी ठरला म्हणून तो योग्य ठरत नाही.

दुसरा प्रयोग १९१६ चा, आणि त्यात जोखीम त्यांनी स्वतःवर घेतली. पेलाग्राच्या रुग्णांचे रक्त त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोचून घेतले, नाका-घशातला स्राव स्वतःच्या नाका-घशात लावला आणि त्वचेचे पापुद्रे, लघवी व विष्ठा पिठात मळून गोळ्या करून गिळल्या. एकूण सोळा जण सहभागी झाले. त्यात त्यांची पत्नी मेरी होती. तिला गोळ्या देण्यास पुरुषांनी नकार दिला, पण तिने पोटावर रक्ताचे इंजेक्शन घेतलेच. काहींचे पोट बिघडले. पेलाग्रा एकालाही झाला नाही.

गिरणगावातला हिशेब

वैद्यकीय इतिहासाची पुस्तके इथे थांबतात, कारण गोळ्या गिळण्याची गोष्ट रंजक आहे. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम यानंतरचे आहे. आहारामुळे पेलाग्रा होतो हे कळले. पण माणसे असा आहार का घेतात? आवड म्हणून? अडाणीपणा म्हणून? तेव्हाच्या बड्या लोकांचे उत्तर तेच होते, आणि आपल्याकडेही ते रोज ऐकू येते.

गोल्डबर्गर यांनी जोडीला एक अर्थशास्त्रज्ञ घेतला, एडगर सिडनस्ट्रिकर. डॉक्टरने अर्थशास्त्रज्ञाला सोबत घेऊन घरोघर फिरणे हे त्या काळी नवलाचेच. १९१६ मध्ये दक्षिण कॅरोलायनातली सात कापूस गिरणीची गावे त्यांनी निवडली. दर काही दिवसांनी घराघरांत जाऊन त्वचा तपासली. प्रत्येक कुटुंबाने पंधरा दिवसांत काय अन्न आणले, घरात किती तोंडे खाणारी, मिळकत किती, हे लिहून घेतले. मुलाची गरज मोठ्या माणसापेक्षा कमी, म्हणून मिळकत माणशी काढताना तोही फरक धरला. या कामाचा अहवाल १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष सरळ होता. मिळकत जितकी कमी तितका पेलाग्रा जास्त, आणि पायरी चढावी तसा तो घटत जाई. संडास, गटारे, स्वच्छता यांच्याशी त्याचा संबंध जुळला नाही. मात्र सारख्याच पगाराच्या दोन गावांतही फरक दिसला. एका गावाच्या आसपासचे शेतकरी दूध, भाज्या आणि मांस विकायला येत, तिथे आजार कमी. दुसऱ्या गावाभोवती नजर जाईल तिथवर कापूस, आणि खरेदीला एकच जागा : गिरणीच्या कंपनीचे दुकान. तिथे पगारातून वळते करून मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी मिळे. म्हणजे खिशात पैसे असूनही विकत घ्यायला दूधच नव्हते. सल्ला देणाऱ्या डॉक्टरला ही गोष्ट माहीत असायला हवी.

संतती होण्याच्या वयातल्या बायकांमध्ये पेलाग्रा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळला. घरात आलेले थोडेसे दूध-मांस आधी कमावत्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या पानात पडते आणि वाढणारी बाई उरलेले खाते. हे समजायला मराठी वाचकाला दक्षिण कॅरोलायनात जायला नको.

शेतावर याहून वाईट स्थिती होती. जमीन मालकाची, कसणारा बटाईदार. पीक येईपर्यंत उचलीवर जगायचे आणि हंगाम संपला की कर्ज वळते करायचे. मालकाला कापूस हवा, म्हणून दारापर्यंत कापूसच पेरायचा. परसात भाजी लावावी किंवा गाय बांधावी तर जागा नाही. हिवाळा संपता संपता उचल आटे, जेवण आणखी निकृष्ट होई आणि वसंतात चट्टे उठत.

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. पुढच्या वर्षी पेलाग्रा उसळणार, असा इशारा गोल्डबर्गर यांनी दिला. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी १९२१ मध्ये मदतीचे आवाहन केले, तर दक्षिणेतले पुढारी भडकले. आमच्याकडे उपासमार आहे असे म्हणून आमची बदनामी करता, व्यापाराचे नुकसान करता, असा त्यांचा सूर होता. मदत नको म्हणून सांगितले गेले. आजारी लोकांना कोणी विचारले नाही.

पुढे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले (कुत्र्यांना अशाच आहाराने जीभ काळी पडण्याचा आजार होतो) आणि ब्रुअर्स यीस्ट हा स्वस्त उपाय हाती आला. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला तेव्हा रेड क्रॉसमार्फत हे यीस्ट वाटले गेले आणि पुष्कळांचे प्राण वाचले. पूरभाग हिंडून गोल्डबर्गर आणि सिडनस्ट्रिकर यांनी पुन्हा तेच लिहिले : यीस्ट ही तात्पुरती सोय आहे, मूळ दुखणे एकाच पिकावरची शेती आणि बटाईच्या कर्जात आहे. ते बदलणे डॉक्टरच्या हातात नव्हते, आणि याची खंत त्यांना होती.

१७ जानेवारी १९२९ रोजी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे चौपन्न. हवा असलेला घटक म्हणजे निकोटिनिक अ‍ॅसिड, हे कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी १९३७ मध्ये दाखवले. चाळीसच्या दशकात पिठात जीवनसत्त्वे मिसळणे सुरू झाले आणि लोकांची मिळकतही सुधारली, तसा पेलाग्रा ओसरला. यात एका किड्याचाही हातभार होता. कापसाच्या बोंडावर पडणाऱ्या सोंडकिड्याने (ही आपली बोंडअळी नव्हे, तो भुंग्याच्या जातीचा) जिथे पीक बुडवले तिथे शेतकरी नाइलाजाने अन्नधान्याकडे वळले. अशा भागांत पेलाग्रा घटल्याचे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले आहे.

मका वाईट आहे का?

नाही. मक्यात नायसिन असते, पण ते बांधलेल्या स्वरूपात असल्याने शरीराला मिळत नाही. शिवाय ज्यापासून शरीर स्वतः नायसिन बनवू शकते ते ट्रिप्टोफॅन मक्याच्या प्रथिनात कमी असते. मेक्सिकोतले लोक पिढ्यान् पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात भिजवून शिजवतात. त्यामुळे नायसिन मोकळे होते आणि तिथे मका खाऊनही पेलाग्रा फारसा दिसत नाही. मका युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली.

आपल्याकडे दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला. ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल जास्त असते, त्यामुळे नायसिनचा मेळ बिघडत असावा, असे त्यांनी १९६० मध्ये मांडले. या कारणाबद्दल पुढे मतभेद झाले. पण हे वाचून भाकरी सोडू नका. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध-ताक, अंडी किंवा मासे असतील तर काळजीचे कारण नाही. आजार होतो तो नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा यांवर महिनोन्‌महिने काढावे लागतात तेव्हा.

आज पेलाग्रा कोणाला होऊ शकतो?

रोज दारू पिणारे आणि जेवण टाळणारे लोक. दीर्घकाळ जुलाब किंवा आतड्याचा आजार असलेले. घरात एकटे पडलेले, धड न जेवणारे वृद्ध. आणि क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणारे, मुळात कुपोषित रुग्ण. या औषधामुळे शरीरात नायसिन बनण्याची क्रिया मंदावते. म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका, चट्टे दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

उन्हाच्या भागांवर दोन्ही बाजूंना सारखे काळपट चट्टे, सोबत जुलाब किंवा वागण्यात बदल असेल, तर नुसते मलम लावून वेळ घालवू नका. योग्य मात्रेत निकोटिनामाइड दिल्यास तोंड, जुलाब आणि मनाची लक्षणे बहुधा काही दिवसांत कमी होऊ लागतात, त्वचेला काही आठवडे लागतात. अशा रुग्णात बाकीची ब जीवनसत्त्वेही बहुतेक वेळा कमी असतात, म्हणून तीही द्यावी लागतात. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही सांगा : घरात रोज काय शिजते, दूध येते का, शेवटी कोण जेवते आणि मजुरी किती दिवस मिळते. गोल्डबर्गर आणि सिडनस्ट्रिकर दारोदार जाऊन जवळपास हेच लिहून घेत होते.