एक माईक, तीन मिनिटे : खामगावचे जी. एन. जोशी

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी विभागासाठी लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाचीच भीती वाटते. तरीही लिहितेय, कारण रेकॉर्डिंगच्या नादात मला आपल्याच जिल्ह्यातला एक मोठा माणूस सापडला.

झालं असं, की गेल्या दिवाळीत मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या. डोक्यावर पंखा, माईक टेबलावर, आजी पलंगावर. ऐकलं तर ओव्यांपेक्षा पंखाच जास्त! मग नॉइज काढला, इक्वलायझर फिरवला, वरून रिव्हर्ब. आजीने ऐकून विचारलं, ही बाई कोण? आपलं कुठे चुकलं हे शोधताना जी. एन. जोशी भेटले.

गोविंद नारायण जोशी यांचा जन्म १९०९ साली खामगावचा. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या शेंदुरजनला कवी ना. घ. देशपांडे जन्मले, जे पुढे मेहकरला वकिली करत. देशपांडेंच्या ‘शीळ’ या कवितेला जोशींनी चाल लावली आणि स्वतः गायली. १९३२ च्या सुमारास तिची रेकॉर्ड निघाली आणि महाराष्ट्रभर गाजली. मराठी भावगीताची सुरुवात इथून झाली असं मानतात. म्हणजे शब्द आणि सूर, दोन्ही बुलढाणा जिल्ह्याचे!

जोशींनीही वकिलीचं शिक्षण घेतलं होतं, पण मन रमलं गाण्यात. १९३८ मध्ये ते एच.एम.व्ही. कंपनीत गेले आणि पुढची जवळजवळ तीन दशके दुसऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करत राहिले. स्वतः लोकप्रिय गायक असताना काचेच्या पलीकडे बसायचं, हे सोपं नसावं. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ अशा दिग्गजांचं गाणं त्यांनी तबकडीवर आणलं. तासभर राग रंगवणाऱ्या गवयाला तीन-सव्वातीन मिनिटांत बसवायचं म्हणजे काय, विचार करा.

सुरुवातीच्या त्या काळात रेकॉर्डिंग मेणाच्या तबकडीवर व्हायचं. खोडायची सोय नाही. कुणी चुकलं की नवी तबकडी, पुन्हा पहिल्यापासून. मिक्सिंग नंतर नसायचंच, ते आधी व्हायचं. गायक माईकजवळ, पेटी जरा मागे, तबला आणखी दूर. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हे आपण फिजिक्समध्ये घोकतो. ते लोक हेच गणित कानाने सोडवायचे.

पुढे टेप आली, लाँगप्ले आली. संतूर, बासरी, गिटार आणि तबला घेऊन काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस रंगवणारी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७-६८ ची लाँगप्लेही जोशींनीच निर्माण केली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा तेव्हा तरुण होते. खामगावच्या माणसाने काढलेली ही रेकॉर्ड जगभर पोहोचली. आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. १९९४ साली ते गेले.

यातून मी काय शिकले? आधी खोली, मग माईक, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. या उन्हाळ्यात आजीकडे पुन्हा गेले. पंखा आणि फ्रीज बंद. भिंतीला दोन गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. माईक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसत नाही. २४ बिट, आणि लेव्हल जास्तीत जास्त उणे १२ डेसिबलपर्यंत, कारण फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही. आधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड केली, नॉइज काढायला तीच लागते. मिक्सिंग म्हणाल तर ८० हर्ट्झखालची घरघर कापली, बस्स. शेवटी मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐकून पाहिलं. या वेळी आजीने स्वतःला ओळखलं.

पण एक गोष्ट राहिली. दिवाळीत म्हटलेल्या दोन ओव्या तिला आता आठवेनात. त्या आहेत फक्त माझ्या त्या रिव्हर्बवाल्या फाइलमध्ये, कारण मूळ फाइलवरच मी हुशारीने सेव्ह मारलं होतं. मेणाची तबकडी खोडता येत नव्हती, हे तिचं सुखही होतं म्हणायचं.

तेव्हा मित्रांनो, मूळ फाइल कधी पुसू नका. आणि घरी कुणी म्हातारं माणूस गात असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.