संगीताची शाळा उघडणारे विष्णु दिगंबर

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाड संस्थानात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ; पलूस गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. देवापुढे उभे राहून अभंग-पदे म्हणणाऱ्या पित्याचा स्वर बालपणीच कानी पडला, हेच विष्णूचे पहिले शिक्षण होय.

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि दृष्टी जवळजवळ गेली. शालेय विद्येचा मार्ग खुंटला, तेव्हा उपचारासाठी मिरजेस आणलेल्या या मुलास तेथेच पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या स्वाधीन करण्यात आले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे ते थोर गवई. त्यांच्यापाशी त्या काळच्या रीतीप्रमाणे गुरुगृही सेवा करीत शिक्षण झाले. गुरू देईल तेव्हा, देईल तेवढेच घ्यावयाचे. लिहून ठेवण्याची सोय नाही. विद्या अस्सल मिळाली, परंतु ती किती थोड्यांच्या वाट्यास येते, हेही तेथेच उमगले असले पाहिजे.

दुसरे शल्य मानाचे होते. संस्थानिक गवयास पोशीत, त्याच्या गाण्यावर खूषही होत. पण प्रतिष्ठितांच्या पंक्तीत त्याला पाट नसे. सभ्य गृहस्थ आपल्या मुलास गाणे शिकू देत नसे, आणि मुलीस तर नाहीच. १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली ती ही स्थिती पालटण्याच्या ईर्ष्येने. दरबारी आश्रय न धरता ते गावोगाव फिरले, सौराष्ट्रात तिकिटे लावून जाहीर गायन केले. पैसे मोजून कोणीही यावे व शांतपणे ऐकावे, ही कल्पना त्या काळी नवीनच होती.

५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ही संस्था कोणा राजाची नव्हती. देणग्या, फी आणि स्वतःच्या मैफलींचे उत्पन्न यांवर ती चाले. येथे वर्ग होते, वेळापत्रक होते, अभ्यासक्रम व परीक्षा होत्या. पंडितजींनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली, पाठ्यपुस्तके छापली. गायन हा गणित-भूगोलासारखा शिकण्याचा विषय ठरला. शिक्षक तयार करण्यासाठी निराळा उपदेशक वर्ग काढला. त्यातील मुलांचे जेवणखाण संस्थेकडे. त्यांनी वर्षानुवर्षे राहून शिकावे व मग शिकवावे, असा करार. पाच-पंचवीस उत्तम गवयांपेक्षा हजारो जाणते श्रोते निर्माण व्हावेत, अशी त्यांची दृष्टी होती. वर्गात गाणे शिकून तानसेन होत नाही, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो खोटाही नाही. पण शाळेत गणित शिकणारा प्रत्येकजण तरी कोठे भास्कराचार्य होतो?

स्त्रियांसाठी त्यांनी दार उघडले, हे तर फारच मोठे कार्य. शृंगारिक चिजांचे शब्द पालटून तेथे भक्तिपर शब्द घातले, जेणेकरून घरातील वडीलधाऱ्यांस मुलीला पाठविताना संकोच वाटू नये. येथे मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जिवापाड जपली, आपल्या गोमंतकात तर देवळांच्या चौकांत व पालखीपुढे जपली, त्यांच्या गळ्यावरचा डाग या शुद्धीकरणाने पुसला नाही. घरंदाज मुलींचा मार्ग मोकळा झाला तो काहीसा त्यांना बाजूस सारूनच. देवस्थानांशी संबंध असणाऱ्या कुटुंबांनी तरी हे विसरू नये.

१९०८ साली मुंबईस शाखा निघाली. पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची भव्य वास्तू उभी राहिली. कर्ज काढूनच, आणि मैफलींच्या बिदागीवर ते फेडता येईल, हा पंडितजींचा हिशेब चुकला. १९२० नंतरच्या काळात ती इमारत सावकारांच्या हाती गेली. घरीही दुःखाची सीमा नव्हती. बारा अपत्यांपैकी अकरा बालवयातच गेली. उरला तो १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय. पंडितजींनी भगवी वस्त्रे परिधान केली, नाशिकला रामनामाचा आश्रम मांडला. तरी तेज ओसरले नव्हते. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांनीच गायनास हरकत घेतली असता त्यांनी वंदे मातरम् पूर्ण म्हटल्यावरच मंच सोडला.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस, जेथे स्वर मिळाला त्याच गावी, त्यांनी देह ठेवला. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा. पुढे तो द. वि. पलुसकर म्हणून विख्यात झाला. वडिलांच्या शिष्यांनीच त्याला शिकविले. विनायकराव पटवर्धन पुण्यास, बा. र. देवधर मुंबईस, ओंकारनाथ ठाकूर काशीस असे ते शिष्य ठिकठिकाणी शाळा काढून बसले होते. गुरूंच्या मृत्यूच्या वर्षीच त्यांनी मंडळ स्थापन केले. त्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आज गोव्यातील मुलेमुलीही बसतात, आणि त्यांचे आईबाप बाहेर पायरीवर बसून निकालाची चर्चा करतात.